कापसाच्या खोलीतला ताशा

आमच्या घरात असं एकही भांडं नसेल, ज्यावर ताशाभाऊंनी वाजवलं नाही. चहाचा डबा, उलटी घातलेली पाटी, मोटरसायकलची टाकी, दाराची कडी, काहीही चालायचं. जेवायला बसले की ताट येईपर्यंत जमिनीवर बोटं चालायची आणि ताट आलं की ताटावर. आबा, म्हणजे माझे सासरे, ओरडायचे, "आरे, ते ताट शे, ढोल नही!" भाऊ मुकाट घास घ्यायचे आणि डावा हात मांडीवर सुरू व्हायचा. एकदा गावात मयत झाली होती. सगळे खाली माना घालून बसलेले आणि यांची बोटं पत्र्याच्या बादलीवर. माझ्या मालकांनी त्यांचा हात धरून ठेवला. घरी आल्यावर दोघांची जुंपली. भाऊ म्हणाले, "मी वाजवतच नव्हतो दादा. ते आपोआप होतं. श्वास घेताना तू ठरवून घेतो का?"

त्यांचं नाव योगेश. माझे धाकटे दीर. लहानपणी लग्नाच्या वरातीत ते नवरदेवाच्या नाही तर ताशेवाल्याच्या मागे चालायचे, म्हणून शाळेतल्या पोरांनी ताशा नाव ठेवलं. तेच राहिलं. गॅसचं कार्ड सोडलं तर योगेश कुठेच नव्हता.

मी या घरात आले तेव्हा घरात बाई नव्हती. सासूबाई आधीच गेलेल्या. आबा, माझे मालक आणि भाऊ. मला मोठ्याने बोलायची सवय नाही. माहेरीही नव्हती. चौथीत शाळा सुटली ती एका अर्थी बरी वाटली, कारण उभं राहून कविता म्हणावी लागायची ते सुटलं. इथे सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर आणि तोंडात शब्द नाही. दारामागून बांगड्या वाजवायच्या, मग घरातल्यांनी समजायचं की चहा झाला. भाऊ म्हणायचे, "आमची वहिनी म्हणजे कापसाचं गाठोडं. जिना उतरताना पडली तरी आवाज नाही येणार." पण माझं हळू बोललेलं त्या घरात पहिल्यांदा ऐकू यायचं ते त्यांनाच. मी स्वयंपाकघरात पुटपुटले की मीठ संपलं, तर ओट्यावरून चप्पल घालून उठायचे. "मीठच ना?" मी म्हणायचे, "तुम्हाला कसं कळलं भाऊ?" ते म्हणायचे, "माझा कान तयार आहे वहिनी. तुमच्या भाकरीच्या थापटीवरून सांगतो, आज दादाशी भांडण झालंय." आणि ते खरं असायचं.

त्यांचे तीन मित्र. बाळ्या गायचा. जळगावला मोबाईलच्या दुकानात होता, पण त्याच्या गळ्यात सात गल्ल्यांचा आवाज होता. जॉनी गिटार वाजवायचा. त्याचं खरं नाव ज्ञानेश्वर आणि त्याचे वडील कीर्तनाला टाळकरी. तिसरा देवा, तो जाड तारांची गिटार वाजवायचा आणि बोलायचा नाही. आल्यावर मला "वहिनी, पाणी" म्हणायचा आणि जाताना "येतो". मधलं सगळं तारांवर. भाऊ ड्रमवर. या चौघांचं मिळून बँड. नाव ठेवलं होतं खाजकुयली.

नावामागे आमचीच खोली. आधी ते धरणगावात जॉनीच्या गच्चीवर वाजवायचे. तिथे शेजाऱ्यांनी भांडण काढलं. मग एका मंगल कार्यालयाच्या मागे, तिथून मॅनेजरने हाकललं. शेवटी भाऊंनी आमची मागची खोली काढली. आमच्याकडे वेचणी झाली की कापूस त्या खोलीत भरतात, आणि आबा भाव वाढेल म्हणून तो लवकर काढत नाहीत. आढ्यापर्यंत पांढरा ढीग. त्यात कोपऱ्याला जागा करून चौघे बसले आणि वाजवायला लागले, तर बाहेर ओट्यावर नुसतं धप धप. जणू शेजारच्या गावात कोणी मिरच्या कांडतंय. कापूस आवाज खातो. आबा इतके खूश झाले की पहिल्यांदाच म्हणाले, "आते वाजाडा कितलं वाजाडनं ते. माले काहीच ऐकाले येस नही." पण साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते. चौघे बाहेर यायचे ते मान, पाठ, पोटऱ्या खाजवतच. मी खोबरेल तेलाची वाटी चहाबरोबरच ठेवायला लागले. त्यावरून ते नाव.

त्यांची गाणी म्हणजे गंमतच. कोणी कोणाला काही बोललं की त्याचं गाणं व्हायचं. रस्त्यात म्हैस बसली आणि बस थांबली, तर त्यावर गाणं: "म्हैस बसनी रस्तावर, यस्टी ऱ्हायनी उभी". त्यात मध्येच देवा जाड तारेवर म्हशीसारखा हंबरायचा. एक गाणं सुरतहून आलेल्या पाव्हण्याचं, जो प्रत्येक गोष्टीला "आमच्याकडे असं नसतं" म्हणतो. एक विहिरीवरच्या मोटारीचं, लाईट आली की धावायचं, गेली की परत यायचं, त्यात गाणंच मध्ये बंद पडायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. पहिली गाणी त्यांनी मोबाईलवर सोडली, ती पोरांमध्ये फिरली. जामनेर, पहूरकडून कॉलेजच्या गॅदरिंगला बोलावणी आली. मग ठरलं, आता नवा अल्बम करायचा. चांगले माईक आणून, नीट, सगळा इथेच कापसात. आबा एकदा चौघांना खाजवत बसलेलं बघून म्हणाले होते, "बठ्ठा बिनकामना शेतस!" अल्बमचं नाव तेच पडलं. बठ्ठा बिनकामना, म्हणजे सगळे बिनकामाचे. आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग मन्हा फोटो टाका वर." आणि टाकलाही.

भाऊंना त्या अल्बमचं वेड लागलं होतं. दिवसभर ते पाईपच्या दुकानात असायचे, पण मन खोलीत. बाकीच्या तिघांना बँड म्हणजे मौज होती. भाऊंना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही हवंही नव्हतं. लग्नाचा विषय काढला की म्हणायचे, "आधी बठ्ठा बिनकामना होऊ दे, मग कामाचा होतो." एकदा मी भाकऱ्या करत होते, तेव्हा जवळ येऊन बसले आणि थट्टा न करता म्हणाले, "वहिनी, लोक गाणाऱ्याचं नाव लक्षात ठेवतात. मला नाव नको. फक्त कुठे गाणं लागलं आणि कोणी पाय हलवला, तर तो पाय माझ्यामुळे हलला पाहिजे."

त्या हंगामात ते फार जोरात वाजवायला लागले. कातडं फाटायचं, काड्या मोडायच्या. बाळ्या ओरडायचा, "हळू भो, माझा आवाज कुठे जातोय?" भाऊ म्हणायचे, "कापूस जास्त आहे यंदा. सगळं खातोय. जोरात नाही मारलं तर काहीच उरत नाही." ते खरंही होतं, पीक चांगलं आलं होतं. मग बाळ्याही जोरात गायचा, जॉनी आवाज वाढवायचा, आणि भाऊ आणखी जोरात मारायचे. बाहेर आम्हाला नुसती धप धप.

मला म्हणायला लागले, "वहिनी, तुम्ही दिवसेंदिवस हळूच होत चालल्या." मी दारातून जेवायला बोलवायचे तर उठायचे नाहीत. मीठ संपलं म्हटलं तर ओट्यावर बसूनच. मला वाटलं, माझं काही चुकलं असेल, रुसले असतील. मालकांना विचारलं तर ते म्हणाले, "अल्बमची हवा आहे डोक्यात. आपण कोण आता." भाऊ प्रत्येक गोष्टीला "काय?" म्हणायचे, आणि दुसऱ्यांदा सांगितलं की असं काहीतरी वेडंवाकडं उत्तर द्यायचे की सगळे हसायचे. आबा म्हणाले, बैलाला पाणी दाखव, तर हे म्हणाले, "राणी कुठली? बैलाला राणी दाखवून काय करू?" आम्ही पोट धरून हसलो. ते नेहमीच असे होते. कोण म्हणेल की यावेळी त्यांना ते खरंच तसं ऐकू आलं होतं?

एक गाणं राहिलं होतं आणि आबांनी कापूस विकला. चौघांनी हातापाया पडून पाहिलं, अजून आठ दिवस थांबा म्हणून. आबा म्हणाले, "तुमना गाणासाठे भाव थांबाव नही." ट्रक आला, माणसं आली, संध्याकाळपर्यंत खोली रिकामी. भिंती उघड्या, खाली सरकी आणि कचरा. पोरं म्हणाली, एकदा वाजवून तर पाहू. मी चहा घेऊन दारात उभी होते. त्यांनी सुरू केलं आणि मला दोन्ही कान झाकावे लागले. सगळा आवाज भिंतींवर आदळून परत येत होता. जॉनीने गिटार खाली ठेवली. "आईशप्पथ, तेलाच्या रिकाम्या पिंपात बसल्यासारखं वाटतंय!" बाळ्या कान चोळत होता. भाऊ मात्र हसत होते. म्हणाले, "मला तर काही फरक नाही वाटत. कापूस आहेच की."

सगळे हसले. मीही पदराआड हसले. बाळ्याने टाळी द्यायला हात पुढे केला. पण देवा हसला नाही. तो गिटार ठेवून हळूच उठला आणि भाऊंच्या मागे जाऊन उभा राहिला. म्हणाला, "ताशा." त्या रिकाम्या खोलीत तो शब्द घुमला. भाऊंनी मान वळवली नाही. काडीने पोटरी खाजवत होते. देवा पुन्हा म्हणाला, "ताशा." मग मोठ्याने. चौथ्यांदा भाऊ वळले. "काय रे, कधी आला तिकडे?" त्यांनी आमच्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातली काडी थांबली. मी त्यांना इतकं स्थिर कधी पाहिलं नव्हतं.

जळगावला कानाच्या डॉक्टरांकडे मालक घेऊन गेले, मीही गेले. काचेच्या खोलीत बसवून तपासलं. डॉक्टर म्हणाले, आतली नस गेली आहे, बारीक आणि बायकांचे आवाज आधी जातात, आता जेवढं आहे तेवढं सांभाळायचं. कशाने झालं ते एकच कारण सांगता येत नाही, पण ड्रम बंद. मशीन लावून बोलणं समजेल, गाणं पहिल्यासारखं नाही. भाऊ म्हणाले, "डॉक्टर, जरा मोठ्याने." डॉक्टर हसले नाहीत. परत येताना गाडीत मी त्यांच्या पलीकडे बसले होते. बोलायला शब्द होते, पण माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला नसता आणि गाडीत ओरडायची मला लाज वाटली.

अल्बमची झालेली गाणी तोपर्यंत शेवटचा हात फिरवायला जळगावच्या स्टुडिओत गेली होती. तिथल्या माणसाने ऐकून सांगितलं, सगळ्यावर ड्रमच आहे, आणि काही ठिकाणी गाण्याच्या मागेही पडतोय. ड्रम काढा, कॉम्प्युटरवरून टाकून देतो, कोणाला कळणार नाही. तिघे हे सांगायला आमच्या घरी आले. ओट्यावर बसले. चहा झाला, पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या, विषय कोणी काढेना. शेवटी बाळ्या हळू आवाजात म्हणाला, "ताशा, ते स्टुडिओवाला म्हणतोय..." भाऊ म्हणाले, "काय?" मशीन त्यांना अजून सवयीचं नव्हतं, खिशातच असायचं. बाळ्या जरा मोठ्याने म्हणाला. "काय?" जी गोष्ट कानाजवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून सांगायची, ती बाळ्याला ओट्यावर उभं राहून ओरडून सांगावी लागली. "तुझा ड्रम काढावा लागेल! ड्रम! काढावा लागेल!" समोरच्या घरातली बाई निवडणं सोडून दारात आली. रस्त्याने जाणारे दोघे थांबले. आबा आतून बाहेर आले. सगळ्या गल्लीने ते आमच्या भाऊंच्या आधी ऐकलं.

भाऊंनी एकदा बाळ्याकडे पाहिलं, एकदा गल्लीकडे. मग म्हणाले, "काढा ना मग. एवढं ओरडायचं काय? गाणं चांगलं झालं म्हणजे झालं. मशीनला चहा लागत नाही, तेल लागत नाही, वहिनीचा त्रास वाचला." बाळ्याला हसू आलं. जॉनीलाही आलं. रडू यायच्या आधी येतं तसलं ते हसू होतं, पण आलं खरं. रस्त्यावरचे दोघेही हसून पुढे गेले. आबा म्हणाले, "चला, समजदार शे." आणि विषय संपला. आम्ही सगळ्यांनी त्यांच्या थट्टेलाच होकार समजलं. थट्टेच्या आत माणूस काय म्हणतोय ते बघायची आमच्या घराला सवयच नव्हती. त्या ओट्यावर कोणीतरी एकाने म्हणायला पाहिजे होतं, राहू दे रे ड्रम, मागे पडला तर पडला. मोठ्यांपैकी कोणी म्हटलं असतं तर पोरांनी ऐकलं असतं. त्यांनाही तेच कोणाकडून तरी हवं होतं, हे जॉनी मला पुढे बोलला.

अल्बम आला. जळगावला एका छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता. आबांचा खाटेवर बसलेला मोठा फोटो मागे लावलेला. आबा नवा सदरा घालून पहिल्या रांगेत. भाऊही होते, इस्त्रीचा शर्ट, दोन्ही कानांत मशीन. त्यांच्या जागी पडद्यामागून कॉम्प्युटरचा ड्रम लागला. एकदम नेमका, घड्याळासारखा. पोरं नाचली, म्हशीच्या गाण्याला शिट्ट्या पडल्या. मी भाऊंच्या मागच्या रांगेत बसले होते. त्यांचे ओठ सगळ्या गाण्यांवर हलत होते. गाणं बंद पडून पुन्हा सुरू होतं त्या ठिकाणी, गाणं थांबलं तरी ते पुढे म्हणतच राहिले. शेजारच्या पोराने त्यांच्याकडे वळून पाहिलं, तेव्हा थांबले. कार्यक्रम संपल्यावर बाळ्याने माईकवर त्यांचं नाव घेतलं, त्यांना स्टेजवर बोलावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ वाकून नमस्कार करून खाली आले आणि मला म्हणाले, "वहिनी, कसं झालं?" मी म्हटलं, "चांगलं झालं." त्यांनी माझे ओठ वाचले असावेत. मान हलवली. "मग बरं."

पुढे ते धुळ्याला गेले. तिथे एका ओळखीच्या माणसाच्या गोदामात काम मिळालं, जिथे फार बोलावं लागत नाही. जाताना ड्रम धरणगावच्या पोरांना देऊन टाकला. दिवाळीला येतात. आबांशी खाणाखुणांनी बोलतात, आणि आबा, जे आयुष्यभर "आवाज कमी" म्हणत आले, ते आता त्यांच्याशी बोलताना ओरडून ओरडून खोकतात. फोनवर मात्र बोलणं होत नाही. फोनमधला आवाज त्यांना कापल्यासारखा येतो. मला म्हणाले होते, "वहिनी, लिहून पाठवत जा. तुमच्या अक्षराला आवाज आहे." मी हसून सोडून दिलं. मला लिहायला वेळ लागतो, चुका होतात.

यंदा श्रावणात कानबाईच्या रोटाच्या सणाला जॉनी घरी आला होता. जेवण झाल्यावर त्याने फोन काढला आणि म्हणाला, "वहिनी, एक ऐकवू?" त्याने कापसाच्या खोलीतलं मूळचं गाणं जपून ठेवलं होतं, तेच म्हशीचं, ताशाभाऊंच्या ड्रमसकट. त्याने लावलं. सगळं गाणं ड्रमखाली दबलेलं. बाळ्या दुरून ओरडतोय, देवाची म्हैस कुठेतरी खोल हंबरतेय, आणि वर ताशाभाऊ, धाड धाड, घर पाडायला निघाल्यासारखे. एका ठिकाणी मागे पडले, मग धावत आले, आणि पकडलं. तिथे कोणीतरी हसलेलंही ऐकू येतं. अंगणात लेकरं खेळत होती. ती येऊन नाचायला लागली. अल्बममधलं तेच गाणं रोज कोणाच्या ना कोणाच्या फोनवर वाजतं, लेकरं कधी वळूनही बघत नाहीत. आबा खाटेवर पडल्या पडल्या पाय हलवत होते. जॉनीने ते पाहिलं, मी पाहिलं. तो फोन बंद करून उठला आणि विहिरीकडे निघून गेला.

त्या दुपारी मी लिहायला बसले. पदराला हात पुसून फोन घेतला, एक एक अक्षर शोधत. खूप काही लिहायचं होतं, आबांच्या पायाचं, लेकरांचं. जमलं एवढंच: "भाऊ, जॉनीने तुमचा ड्रम ऐकवला. तोच ठेवायला पाहिजे होता. तोच चांगला होता."

संध्याकाळी भाकरी करत होते, तेव्हा फोन उजळला. भाऊंचं उत्तर होतं.

"आता सांगता होय वहिनी?"

पुढे एक हसणारा चेहरा होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतो तो. मी तो फोन जवळ धरून, लांब धरून, कितीदा पाहिला. ते पाणी हसण्याचंच आहे का, ते काही मला ओळखता आलं नाही.